पाचवा खांब

वडगाव बुद्रुकमधल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर एक पाटी होती : 'गाड्या पाइप लावून धुऊ नयेत. खडकवासल्याचे धरण सोसायटीच्या मालकीचे नाही.' रामदास तायड्यांना ती पाटी मनापासून पटायची. गाडी धुवायला पाइप लागतोच कशाला? दोन बादल्या पुरतात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं. नाहीतर गाडीवरून काढलेली धूळ आपण पुन्हा गाडीवरच घासतो आणि वर म्हणतो, रंगाला ओरखडे आले कुठून!

पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं रंगखात्यात काढली होती. तयार गाडीचा रंग तपासून ती पुढे सोडायची की परत पाठवायची, हे ठरवणं त्यांचं काम. नव्याने आलेल्या पोरांना ते पहिल्याच दिवशी सांगत, "रंगाकडे बघू नका. रंगात बघा." मग गाडीच्या दारात उमटलेली ट्यूबलाइटची रेघ दाखवत. रेघ सरळ असेल तर पत्रा सरळ. रेघ वाकली, तुटली, थरथरली, की तिथे काहीतरी दडवलंय असं समजायचं. माणूस खोटं बोलेल, रेघ बोलत नाही.

आता त्यांच्यासमोर उभी होती ती मुलीसाठी घेतलेली जुनी गाडी. पाच-सहा वर्षं वापरलेली, गडद निळी. पण तो निळा रंग फळा पुसल्यावर राहतो तसल्या पांढुरक्या थराखाली गेला होता. आज शुक्रवार. सोमवारी सकाळी आम्रपाली ती घेऊन हिंजवडीला जाणार होती.

म्हणजे, बाबांनी गाडी पास केली तर.

दोन वर्षांपूर्वी वाकडच्या पुलाखाली आम्रपालीची स्कूटर घसरली होती. डाव्या गुडघ्यात अजून सळई आहे. तेव्हापासून तिने दुचाकीला हात लावला नव्हता. आता कंपनीने रोज ऑफिसला यायचं फर्मान काढलं आणि कंपनीची बस काही इकडे सिंहगड रोडला येत नव्हती. दोनच वाटा उरल्या होत्या : गाडी, नाहीतर हिंजवडीत मुलींच्या वसतिगृहातली एक कॉट. तिने बॅग भरून दाराशी ठेवलीसुद्धा होती. त्या बॅगेला वळसा घालून जाताना रामदास रोज तिच्याकडे बघायचं टाळायचे. मुलगी घरात राहायला हवी होती आणि ती ज्या गाडीत बसेल त्या गाडीने कधी कोणाला दगा दिलेला नसावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"सकाळपासून तिला न्हाऊमाखू घालताय," कांताबाई चहा घेऊन खाली आल्या. "माझी एवढी सेवा कधी केली नाहीत."

"तुझ्यावर ओरखडे नाहीत."

"बघायला वेळ कुठे होता तुम्हाला!"

रामदास हसले, पण नजर गाडीवरच होती. त्यांना गाडी विकणाऱ्या माणसाचा संशय येत होता. उत्तरेश्वर नाव त्याचं. किरकटवाडीला कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान. गाडी त्याने शेडमध्ये डावी बाजू भिंतीला घासेल इतकी चिकटवून उभी केली होती. वर दोन ताडपत्र्या. आणि माणूस इतका गोड, की रामदासांनी सांगितलेल्या किमतीला त्याने लगेच मान डोलावली. "गाडी चांगली हाय, काका. घेऊन जावा." पुण्याच्या आसपास गाडी विकणारा माणूस घासाघीस करत नाही म्हटल्यावर कोणाच्याही मनात पाल चुकचुकणारच.

त्यांनी लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरवला. अपघातात चेपलेला पत्रा लांबी म्हणजे पुट्टी भरून सारखा केला असेल, तर चुंबक तिथे धरत नाही, घसरतो. इथे तो सगळीकडे धरला. दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट कधी फिरवलेले नव्हते. काचांवर एकाच वर्षाचे शिक्के, म्हणजे एकही बदललेली नव्हती. गाडी निर्दोष होती. आणि छत्तीस वर्षांत रामदासांनी निर्दोष गाडी पाहिलेली नव्हती.

पार्किंग तसं इमारतीच्या पोटातच होतं, त्यामुळे भर दुपारीही ट्यूबलाइट लागायची. गाडीची उजवी बाजू भिंतीकडे होती, डावीकडे मोकळी जागा. तिथून थेट फाटकापर्यंत एका रांगेत चार खांब. लाकडी पाटावर बसून त्यांनी डाव्या दारापासून सुरुवात केली. रबरांना चिकटपट्टी लावली. स्पंजवर वाटाण्याएवढं घासायचं कंपाउंड घेऊन हातभर जागेत आधी आडवं, मग उभं घासलं. घाई करायची नाही. रंगाचा मेलेला थर निघतो आणि खालचा जिवंत रंग वर येतो, पण त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो.

चारच्या सुमाराला पुढचं दार बोलायला लागलं. निळ्या रंगात ट्यूबलाइटची रेघ उमटली. सुतासारखी सरळ. त्यांच्या डोक्याची सावली उमटली. मागे खांब. एक, दोन, तीन, चार.

आणि फाटकाजवळ आणखी एक.

बारीक, उभा, इतरांपेक्षा थोडा बुटका. रामदासांनी मान वळवून पाहिलं. खांब चारच होते. फाटक बंद. वॉचमन उन्हातल्या खुर्चीत पेंगत होता, तो इथून दिसतही नव्हता. त्यांनी पुन्हा दारात पाहिलं. पाच.

'पोक,' ते मनाशी म्हणाले आणि त्यांना बरंच वाटलं. शेवटी सापडलं! पत्र्याला बारीक पोक असला की प्रतिबिंब दुभंगतं, एकाचे दोन दिसतात. म्हणजे हे दार कधीतरी ठोकून सरळ केलेलं आहे.

पण दुभंगलं तर ट्यूबलाइटची रेघही दुभंगायला हवी होती.

शनिवारी सकाळी त्यांनी चष्मा दोनदा पुसला. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा डोळ्यांचाही संशय घेणं भाग होतं. मग पॉलिशला हात घातला. कंपाउंडने ओरखडे जातात आणि पॉलिशने खोली येते. दार घासून पुसलं, मायक्रोफायबरने एकदा हलकेच फिरवून घेतलं आणि मग ते मागे सरकून बसले.

दार आता विहिरीसारखं झालं होतं. फरशांच्या रेघा, भिंतीवरचे मीटर, कोणाची तरी सायकल, सगळं आत स्वच्छ. खांब पाच. पण पाचवा आता फाटकाजवळ नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये होता.

ते उठले. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. तिथे काही नव्हतं. फरशी कोरडी, वर छत सपाट, पाइप नाही, वायर नाही. त्यांनी खडूने तिथे फुली मारली आणि परत येऊन दारात पाहिलं. फुली दिसली नाही. पाचवा खांब बरोबर तिच्यावर उभा होता.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची तनुजा भाजीची पिशवी घेऊन आली. बँकेत अधिकारी आणि जिभेला धार.

"काका, गाडी चालवायची आहे की तिच्यात बघून भांग पाडायचा आहे?"

"तनुजाताई, एक काम कराल? इथे बसा आणि दारात बघून मला सांगा, मागे खांब किती दिसतात."

"एवढं सोपं? पाच."

"आता मागे वळून मोजा."

तिने वळून मोजले. मग पुन्हा दाराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, पण त्याच्या मागचं काहीतरी निघून गेलं. "माझंच चुकलं मोजायला," ती म्हणाली. पिशवी उचलली आणि लिफ्ट समोर असताना जिन्याने वर गेली.

म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता. रामदासांनी उत्तरेश्वरला फोन लावला.

"नमस्कार. तायडे बोलतोय. गाडीच्या डाव्या बाजूचं काम कधी केलं होतं, ते खरं सांगा. मला पोलिसात जायचं नाही, फक्त माहिती पाहिजे."

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. "काम न्हाई केलं, काका. कधीच न्हाई." मग, "तुम्ही घासली का तिला?"

"पॉलिश केली."

"डावी बाजू?"

"हो."

मग तो आवाज उतरवून म्हणाला, "कुठवर आलंय?"

"काय कुठवर आलंय?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. पुढे तो कधीच लागला नाही.

रामदास पाटावर बसून राहिले. त्यांचं डोकं अजून जागेवर होतं आणि ते आपल्या सवयीच्या वाटेने चाललं होतं. कुठवर आलंय म्हणजे काय? गंज. दुसरं काय येणार गाडीला? आतून गंज सुटला असेल, पत्रा आतून खाल्ला असेल, म्हणून प्रतिबिंब असं फसवं पडत असेल. या माणसाला ते माहीत होतं, म्हणून डावी बाजू भिंतीला चिकटवून ठेवली होती. शेवटचा हात फिरवला की सगळं बाहेर पडेल. आरशासारख्या दारात काही लपत नाही.

संध्याकाळी जेवताना आम्रपालीने विचारलं, "मग काय, इन्स्पेक्टर साहेब? पास की नापास?"

"उद्या सांगतो."

"बाबा, सोमवारी सकाळी सातला मला निघायचंय. नापास असेल तर तसं सांगा. वसतिगृहाच्या बाईंना फोन करावा लागेल. कॉट धरून ठेवलीये त्यांनी."

कांताबाईंनी वरणाचं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.

रविवारी दुपारी सोसायटी झोपलेली असताना ते खाली आले. एका हातात वॅक्सची डबी, दुसऱ्यात धुऊन वाळवलेलं नवं फडकं. कोरड्या फरशीवर खडूची फुली तशीच होती. तिच्याकडे न बघता ते पाटावर बसले आणि मुद्दाम खाली बघत काम करू लागले. वॅक्सचा पातळ हात दिला. ते धुकट होऊन वाळेपर्यंत थांबले. हा थांबण्याचा वेळ त्यांना एरवी आवडायचा. आज त्यांनी तो स्वतःच्या चपलांकडे बघत काढला.

मग फडकं घेतलं आणि पुसायला लागले. खालून वर. फडकं जिथून फिरे तिथला धुकट थर जाई आणि निळा रंग उघडा पडे. आधी फरशी दिसली. मग त्यांचे गुडघे. मग छातीवरचं सदऱ्याचं बटण.

खांब दिसले. त्यांनी मोजले. चार.

त्यांनी पुन्हा मोजले. चारच. गंज नाही, पोक नाही, काही नाही. ते चक्क हसले. म्हातारा झालास, रामदास. मुलीची काळजी डोळ्यांत उतरली, दुसरं काय! आता वरची वीतभर जागा राहिली होती. त्यांनी फडकं एकदा झटकून ती पुसली.

तिथे त्यांचा चेहरा दिसायला हवा होता.

तिथे काहीतरी उभं, गडद होतं. त्याला कड होती. खाली ते अरुंद होतं आणि वर रुंद.

खांबाला खांदे नसतात.

ते हलले नाहीत. फडकं दाराला टेकलेलंच राहिलं. छत्तीस वर्षांची सवय अशी, की भीतीच्याही आधी हिशेब आला. मागे उभी असलेली वस्तू आपला चेहरा झाकू शकत नाही. आपला चेहराच तिला झाकेल. जे पुढे असतं तेच मागच्याला झाकतं. हे लहान मुलालाही समजतं.

ते त्यांच्या मागे नव्हतं.

त्यांच्या आणि दाराच्या मध्ये हातभर अंतर होतं. ते तिथे होतं.

हवेला कसलाच वास नव्हता. गारवा नव्हता. वर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

रामदास उठले. रंगाची पेटी उघडून त्यांनी पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद काढला, रंग मारण्याआधी पत्रा खरवडायचा असतो तो. बादलीत बुडवला आणि डोळे मिटून डाव्या दारावर टेकवला. पहिला हात फिरताच त्यांच्याच अंगावर काटा आला. तीन दिवसांत वर आणलेला रंग त्यांच्या हाताखाली आंधळा होत होता. त्यांनी पुढचं दार घासलं. मागचं घासलं. मग बॉनेट, टप, डिकी, गाडी भिंतीपासून थोडी लांब घेऊन उजवी बाजूसुद्धा. निळसर दुधाळ पाणी फरशीवरून वाहत जाळीपर्यंत गेलं. खडूची फुली त्यात विरघळली. सहा वाजता त्यांनी गाडी पुसली. तिच्यात आता काही दिसत नव्हतं. ट्यूबलाइट नाही, खांब नाही, माणूस नाही.

"बाबा! काय केलंत हे?" आम्रपाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली.

"मॅट फिनिश. हल्ली फॅशन आहे."

"फॅशन? शाळेतली पाटी वाटतेय!" तिने दारावरून बोट फिरवलं. "तुम्ही आणि रंग असा कराल? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सांगावं का? काय सांगणार? आयुष्यभर ते पोरांना सांगत आले होते की, जे मोजता येत नाही ते रजिस्टरात लिहायचं नाही. इथे त्यांनी मोजलं होतं, पण लिहिणार काय?

"खरं सांगा," ती हळूच म्हणाली. "गाडीत काही दोष आहे का? असेल तर मी वर जाऊन बाईंना फोन करते. बॅग भरलेलीच आहे. मला वाईट नाही वाटणार."

हे खोटं होतं, दोघांनाही माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ती दाराजवळची बॅग आली. मग ती जागा, बॅग नसलेली. कांताबाईंचं आणि त्यांचं दोन ताटांचं जेवण.

"पत्रा सरळ आहे," ते म्हणाले. एवढं तर खरं होतं. "घेऊन जा."

सोमवारी ती सात वाजता निघाली. रामदास दिवसभर गॅलरीत बसून होते. पोचल्याचा फोन आला, जेवल्याचा आला, निघाल्याचा आला. दर फोननंतर त्यांच्या छातीवरचा एकेक दगड उतरत गेला. साडेसातला गाडी फाटकातून आत आली तेव्हा ते चपला न घालताच खाली धावले.

आम्रपाली उतरली ती हसतच. "बाबा, वाकडच्या पुलाखालून गेले! दोनदा! हातसुद्धा थरथरला नाही." तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसत होता. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वाटलं, जमलं. दार लावून टाकलं आपण.

"गाडी कशी आहे?"

"मस्त. एकच कटकट होती," ती पर्स खांद्याला अडकवत म्हणाली. "शेजारच्या सीटचा तो बीप-बीप. पट्टा लावा, पट्टा लावा. सीटवर काहीच नव्हतं हो, मी पर्ससुद्धा मागे ठेवली होती. नवले पुलापर्यंत डोकं उठलं. मग सगळे करतात तेच केलं."

"काय केलंस?"

"तो पट्टा लावून टाकला. रिकाम्या सीटला. लगेच थांबलं." ती जिन्याकडे वळली. "आई, भूक लागलीये!" असं खालूनच ओरडत ती एकेक पायरी सावकाश चढून गेली.

रामदास गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. दार मुकं होतं. त्यांनी काचेशी दोन्ही हातांचा आडोसा धरला आणि आत डोकावून पाहिलं.

पट्टा लावलेला होता. पण तो सीटच्या पाठीला टेकला नव्हता. तो वीतभर पुढे होता, खांद्याच्या उंचीपासून कमरेपर्यंत गोलाई घेऊन ताणलेला.